अण्णांची वही

आश्विन लागला की आमच्या अंतरवाली सराटीच्या शिवाराचे रूप पालटते. पावसाळाभर चिखलाने भरलेल्या गाडीवाटा वाळून कठीण होतात. कपाशीची बोंडे उमलतात, तुरीला पिवळा फुलोरा येतो आणि शाळूच्या पेरणीची गडबड उडते. दुपारचे ऊन चांगलेच तापते. या कोरड्या, स्वच्छ उन्हाची मी वर्षभर वाट पाहत असतो. कारण या उन्हात मला माझी पुस्तके वाळवायची असतात.

पावसाळ्यात पुस्तके दमट होतात, त्यांना कसर लागते. म्हणून मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यापासून मी एक नेम ठेवला आहे. अंगणात घोंगडी अंथरावी, तीवर पुस्तके उघडून ठेवावी आणि सायंकाळी ती झटकून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून, पुन्हा कपाटात लावावी. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी नात या कामाला मदतीस होती. ती सहावीत शिकते. प्रत्येक पुस्तकाचे एखादे पान वाचल्यावाचून ते खाली ठेवणे तिला जमत नसे. त्यामुळे काम खोळंबे. परंतु तो खोळंबा मला आवडे.

जुन्या लाकडी पेटीच्या तळाशी तिला जाड पुठ्ठ्याची एक वही सापडली.

"आजोबा, ही वही उलटी आहे! हिची सुरुवात शेवटच्या पानापासून आहे," ती म्हणाली.

ती वही माझ्या वडिलांची होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णांचे बालपण हैदराबाद संस्थानात गेले. त्या काळी मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. शेजारच्या गावी चार इयत्ता शिकून अण्णा उर्दू लिहू-वाचू लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आपल्या भाषेत कारभार सुरू झाला, याचा अण्णांना फार आनंद होता. पण त्यांचे शिक्षण मात्र आता उपयोगाचे राहिले नाही. ते मराठी बोलत. ती लिहिणे त्यांना नव्याने शिकावे लागले. रात्री चिमणीच्या उजेडात माझी पहिलीची पाटी ते स्वतःपुढे ओढीत, हे मला अंधुक स्मरते.

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. म्हणून अण्णांची वही आमच्या दृष्टीने शेवटून सुरू होई. ती त्यांच्या जमाखर्चाची वही आहे, असे माय सांगे. मला उर्दू येत नसल्यामुळे मी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

नातीने मात्र ती आमच्या बाजूने उघडली. पहिल्याच पानावर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत एकच शब्द दहा वेळा लिहिला होता : पाणी, पाणी, पाणी. त्याखाली दिवाळी, दहा वेळा. मग विहीर, ज्वारी, काळजी. आणि पानांच्या मध्ये एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड होते. त्यावर लाल शाईची वर्तुळे होती. ती मीच काढलेली होती.

ही गोष्ट १९७२ सालची. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि अंबडला वसतिगृहात राहून सातवीत शिकत होतो. शुद्धलेखनात माझा वर्गात पहिला क्रमांक होता. गुरुजींनी मला इतर मुलांच्या वह्या तपासण्यास सांगितले होते आणि त्यासाठी लाल शाईची दौतही दिली होती. त्या दौतीचा मला केवढा अभिमान! अशातच अण्णांचे पत्र आले. अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले ते पहिले पत्र होते. 'चिरंजीवास अनेक आसिरवाद' अशी त्याची सुरुवात होती. पुढे लिहिले होते की, विहिरीत पानी नाही, जवारी पेरली नाही, तू कालजी करू नको, दिवालीला ये.

पत्र वाचून मी काय करावे? मी दौत उघडली आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दाभोवती वर्तुळ काढून वर शुद्ध रूप लिहिले. 'पानी' या शब्दातील 'न' मला खटकला. विहीर आटली आहे, हे माझ्या मनात शिरलेच नाही. दिवाळीला घरी गेल्यावर विहिरीकडे फिरकण्याच्याही आधी मी ते कार्ड अण्णांच्या हाती दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि त्यांनी कार्ड खिशात ठेवले.

त्यानंतरचे पत्र तीनच ओळींचे आले. त्यात एकही चूक नव्हती. ते कोणाकडून तरी लिहवून घेतले असेल, असे मला वाटले. पुढची सर्व पत्रेही तशीच येत राहिली; आखूड, बिनचूक आणि कोरडी.

आता वहीत मी पाहिले, तर त्या तीन ओळी चार वेळा लिहिलेल्या होत्या. पहिल्या मसुद्यात आणखीही एक वाक्य होते : 'बैल विकले.' ते खोडून टाकलेले होते. त्या वर्षीचा दुष्काळ महाराष्ट्र विसरलेला नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. अण्णा आणि माय दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडीत. तशा दिवसाच्या शेवटी, फोड आलेल्या हातांनी अण्णांनी ही पाने लिहिली होती. 'बैल विकले' हे शब्द त्यांनी का खोडले? मला दुःख होऊ नये म्हणून, की त्यांत एखादी चूक निघेल म्हणून? हे विचारावे, तर आज अण्णा नाहीत.

पुढे मी मराठीत एम. ए. झालो. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उर्दू लिपीत 'ण' आणि 'ळ' यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत. ऱ्हस्व स्वरही तीत बहुधा लिहीत नाहीत. ज्या अक्षरांशी हाताची कधी ओळखच झाली नाही, त्या अक्षरांवर मी वर्तुळे काढली होती!

शुद्ध लिहू नये, असे मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त अक्षर कसे वाटोळे, मोकळे आणि सरळ असावे, यासाठी एक सबंध समास लिहिला आहे. तो मी वर्षानुवर्षे आवडीने शिकविला. अण्णांनाही शुद्ध लिहावेसे वाटले, म्हणून तर ही पाने भरली. पण लिहिणारा आपल्याला काही सांगत असतो. ते आधी ऐकावे आणि मग लाल शाईची दौत उघडावी, एवढा क्रम मी त्या दिवशी चुकलो. त्या चुकीभोवती कोणी वर्तुळ काढले नाही.

मी हे सारे मनाशी आठवीत होतो, तोवर नातीने ते कार्ड हाती घेऊन मोठ्याने वाचले. लाल वर्तुळे तिला दिसत होतीच. पण ती त्यांच्यापाशी थांबली नाही. पत्र संपवून तिने माझ्याकडे पाहिले.

"आजोबा, विहिरीत पाणीच नव्हते, तर मग पणजीआजी पाणी कुठून आणत होती?"

मी तिला जवळ बसविले. ओढ्याच्या वाळूत झिरा खणून, पाणी पाझरण्याची वाट पाहत माय पहाटेपासून कशी बसे आणि वाटीवाटीने घागर कशी भरे, ते मी तिला सांगू लागलो. ऊन कलले, घोंगडीवरची पुस्तके तशीच उघडी राहिली. तिचे प्रश्न संपत नव्हते आणि मलाही ते संपू नयेत असे वाटत होते.