रस्त्यावर न येणारी मोटार

आपल्या मध्यमवर्गीय घरांत हौसेला मज्जाव नसतो. फक्त तिने येताना काहीतरी कामाची वस्तू हातात घेऊन यावे, एवढीच अपेक्षा असते. बागेची हौस असेल तर निदान कढीपत्ता आणि गवती चहा तरी निघावा, शिवणाची असेल तर मुलांच्या झबल्यांचा खर्च वाचावा, गाण्याची असेल तर गणपतीत आरतीला पेटी वाजवायला घरचेच माणूस मिळावे. माझी हौस जुनी पुस्तके गोळा करण्याची. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे ती धंद्याच्या खात्यावर खपून जाते. पंचाईत होते ती हात हलवीत येणाऱ्या आणि वर पैसे मागणाऱ्या हौसेची.

अशीच एक हौस गेल्या उन्हाळ्यात आमच्या ताईच्या घरात शिरली. ताईचा मुलगा निखिल अमेरिकेत, कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड शहरी असतो. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचे माहेरघर. माणसे किती वर्षे जगतील आणि मोटारी कितीदा आपटतील, याचा हिशेब मांडणे हा निखिलचा पोटापाण्याचा उद्योग. इतका हिशेबी मुलगा एके दिवशी फोनवर आईला म्हणाला, की मी एक मोटार घेतो आहे. ती फक्त शर्यतीसाठी आहे, रस्त्यावर ती कधीच चालवायची नाही.

ताईने दुसऱ्या क्षणी मला फोन केला. "चौतीस वर्षांचा घोडा, पदरात चार वर्षांची मुलगी, आणि म्हणे शर्यतीची मोटार घेतो! दारात दोन मोटारी उभ्या आहेत, त्या काय कमी पळतात? तू चल माझ्याबरोबर. प्राध्यापक आहेस, तुझं तो ऐकेल."

प्राध्यापकाचे कोण किती ऐकते, हे ताईला ठाऊक नाही. ती माझ्या वर्गात कधी बसलेली नाही. पण मे महिन्याची सुट्टी होती, आणि ताईच्या आवाजात नेहमीच्या चिडीखाली खरी भीती होती. मी गेलो.

पोहोचल्यावर चौथ्या दिवशीच निखिल आम्हांला ती मोटार पाहायला घेऊन निघाला. वाटेत मी त्याला माझी नेमलेली शंका विचारली. रस्त्यावरच्या शर्यती करायच्या आणि मोटार रस्त्यावर आणायची नाही, ही काय भानगड?

तो हसला. "मामा, नावच फसवं आहे. पूर्वी खरोखर रस्त्यावर धावायचे, म्हणून 'रोड रेसिंग'. आता रस्त्यासारखी डावी-उजवी वळणं आणि चढउतार असलेला बंदिस्त मार्ग असतो, एवढंच."

मग त्याने जो इतिहास सांगितला, तो ऐकताना मागच्या बाकावर ताईही पुढे सरकून बसली. हौशी लोकांच्या शर्यती भरवणारी 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. युद्धानंतर, १९४८ साली, न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या लहानशा गावात कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने शर्यत झाली. मोटारी गावच्या मुख्य रस्त्यावरून, दुकानांसमोरून आणि घरांच्या पायऱ्यांजवळून धावत. लोकांना ती जत्राच वाटे. १९५२ साली एक मोटार पाहणाऱ्यांच्या गर्दीला घासून गेली आणि सात वर्षांचा एक मुलगा मरण पावला. त्यानंतर शर्यत गावाबाहेर गेली, आणि १९५६ साली तिच्यासाठी स्वतंत्र मार्ग बांधला गेला. १९५७ साली कॅलिफोर्नियात लगुना सेका आणि इकडे कनेटिकटात लाइम रॉक हे मार्ग सुरू झाले. वेगाला असे हळूहळू गावकुसाबाहेर नेऊन बसवले. लाइम रॉकच्या शेजाऱ्यांनी तर त्याला कोर्टात खेचले, आणि १९५९ सालापासून तिथे रविवारी शर्यत करायला बंदी आहे. एकादशीला कांदा नाही, तसे रविवारी इंजिन नाही.

"बरं, गावाबाहेर तर गावाबाहेर," ताई म्हणाली, "पण मग घरचीच मोटार ने की!"

निखिलचे उत्तर हिशेबनिसाचे होते. घरची मोटार शर्यतीत आपटली तर नेहमीचा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही. तसे काही झाले नाही तरी ब्रेक तापून झिजतात, ब्रेक ऑइल उकळते, टायर एका दिवसात महिन्यांचे आयुष्य खर्चून बसतात, आणि त्याच ब्रेकांवर सोमवारी मुलीला शाळेत न्यायचे असते. "शिवाय," तो म्हणाला, "सोमवारची काळजी डोक्यात ठेवून शनिवारी गाडी नीट चालवता येत नाही. मोडली तरी घर अडणार नाही, अशीच वस्तू तिथे न्यायची असते."

ती मोटार एका सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त दंतवैद्याच्या गॅरेजमध्ये होती. माझ्या डोळ्यांसमोर शर्यतीची मोटार म्हणजे विमानाची धाकटी बहीण. प्रत्यक्षात उभी होती ती वीस वर्षांहून जुनी, दोन माणसांची, बसकी माझदा मियाटा. १९८९ साली ही जात बाजारात आली, आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख मोटारी बनल्या. सुरुवातीच्या मियाटांचे वजन जेमतेम टनभर. मोटार हलकी, म्हणून ब्रेक आणि टायर कमी झिजतात. खप मोठा, म्हणून सुटे भाग मुबलक. आणि हौशी शर्यतींत फक्त मियाटांचा एक वेगळा वर्गच आहे, त्यात सगळ्यांची इंजिने, स्प्रिंगा आणि टायर नियमाने जवळजवळ सारखे असावे लागतात. पैशाने विकत घेतलेल्या ताकदीपेक्षा चालवणाऱ्याचा हात दिसावा, हा त्यामागचा हेतू.

दार उघडून आत डोकावलो तर आत काहीच नव्हते. गालिचा नाही, रेडिओ नाही, दुसरी बैठकही नाही. उघडा पत्रा, एक खुर्ची, सहा जागी बांधायचे पट्टे, आणि मोटार उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा. संन्यास घेतलेली मोटार!

ताई मात्र बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तर शर्यतीचा बैल!"

आमचे आजोळ खेड तालुक्यातले. थोरल्या मामांकडे घाटात पळवायचे बैल असत. त्यांना औताला कधी जुंपत नसत. घरच्यांच्या ताटात नसेल तेव्हाही त्यांचा खुराक चुकत नसे, आणि त्यावरून मामींची कटकटही चुकत नसे. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून ती उठवली, आणि २०२३ साली राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मुक्या जनावराच्या वेदनेचा तो वाद खोटा नव्हता. इथे निदान मोटारीला दुखत नाही. दुखलेच तर आत बसणाऱ्याला, आणि त्याची आई तर माझ्या शेजारी उभी होती.

दंतवैद्यांनी एक मळकी वही निखिलच्या हातात दिली. शर्यतीच्या प्रत्येक मोटारीची अशी वही असते. दरवर्षीच्या तपासणीची नोंद तिच्यात होते, आणि कुठे आपटली, काय मोडले, तेही अधिकारी लिहून ठेवतात. मी पुष्कळ चरित्रे वाचली आहेत, पण इतके सरळ चरित्र क्वचित वाचले असेल. 'डाव्या बाजूने भिंतीला लागली', 'पुढचा भाग बदलला', आणि खाली सही. म्हाताऱ्याने पडद्याआड काही ठेवले नाही. तो निखिलला म्हणाला, "ही उद्या भिंतीला वाहून, खांदे उडवून घरी चालत जाता येणार असेल, तरच पैसे दे."

मला वाटले होते, जुनी साधी मोटार घेऊन घरीच तिला शर्यतीची बनवणे स्वस्त पडेल. पण पिंजरा, खुर्ची, पट्टे, अग्निशामक या सगळ्यांची बेरीज केली तर तयार मोटारीपेक्षा जास्त होते. बांधणाऱ्याने ओतलेला पैसा विकताना परत मिळत नाही. घेणाऱ्याचा फायदा तोच. मोटारीची किंमत तिकडच्या साधारण नव्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी होती. मात्र ती पुढच्या खर्चाची नुसती पायरी होती. रस्त्यावर येत नाही, म्हणून नवरदेवासारखी तिला वाहून नेण्यासाठी ट्रेलर हवा, ओढायला दांडगे वाहन हवे, टायरांचा जादा संच, प्रत्येक दिवसाची फी, आणि अंगावर आग न धरणारे कपडे. पट्ट्यांवरसुद्धा तारीख असते. ती उलटली की ते धडधाकट दिसले तरी टाकून द्यायचे.

ही सगळी यादी आमच्या सुनेने, मानसीने, आधीच करून ठेवली होती. घरी परतल्यावर तिने ती माझ्यापुढे ठेवली. "मामा, तुम्ही त्यांना समजवायला आलात ना? आधी हे वाचा." तिच्या तीन अटी होत्या. शर्यतीचे खाते वेगळे, ते रिकामे झाले की त्या वर्षी खेळ बंद. घराच्या शिलकीला हात लावायचा नाही. आयुर्विम्याच्या कंपनीला ही हौस आधी कळवायची. हप्ता वाढला तर तोही त्याच खात्यातून. आणि सुरक्षेच्या वस्तूंत काटकसर करायची नाही. निखिलने तिन्ही मान्य करून सही केली होती. घरातला खरा विमा अधिकारी कोण, ते मला तेव्हा कळले.

त्या यादीत मानेला धरून ठेवणारे एक साधन होते. 'हान्स' म्हणतात त्याला. मोटार आपटते तेव्हा धड पट्ट्यांनी जागेवर राहते, पण हेल्मेटसकट डोके पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाशी प्राणघातक इजा होते. १९८१ साली एक चालक असा गेला. जिम डाउनिंग या शर्यतपटूचा तो मित्र होता. डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगनमधल्या विद्यापीठात प्राध्यापक, शरीराला बसणाऱ्या आघातांचे अभ्यासक. दोघांनी मिळून हे साधन घडवले. खांद्यांवर बसणारी ही चौकट पट्ट्यांखाली अडकते आणि तिचे दोन बंद हेल्मेटला धरून ठेवतात. पुष्कळ वर्षे ते अवजड म्हणून लोकांनी दूर ठेवले. २००१ साली डेल अर्नहार्ट हा नामवंत चालक शर्यतीत मरण पावल्यावर जग जागे झाले. हेल्मेटांची कसोटी घेणारी स्नेल ही संस्थासुद्धा १९५६ साली शर्यतीत गेलेल्या पीट स्नेल याच्या नावाने १९५७ साली उभी राहिली. या खेळातली एकेक वस्तू कोणाच्या तरी घरच्या दुःखातून आली आहे. ताईला मी हे सांगितले. धोका उरला नाही असे मात्र सांगितले नाही. ते खोटे झाले असते.

जूनमध्ये लाइम रॉकला शिकाऊ चालकांचा दिवस होता. दीड मैलाचा तो मार्ग हिरव्या टेकड्यांत वसला आहे. पॉल न्यूमन हा नट इथे वर्षानुवर्षे मोटार चालवी. चाळिशीनंतर त्याने हा नाद धरला. १९७९ साली 'ल मां'च्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ दुसरा आला, आणि १९९५ साली सत्तराव्या वर्षी डेटोनाला त्याच्या संघाने आपल्या वर्गात पहिला नंबर मिळवला. हे ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे अजून छत्तीस वर्षं मला घोर!"

वळणावळणांवर पांढऱ्या कपड्यांतले लोक निशाणे घेऊन उभे होते. बहुतेक सगळे बिनपगारी, कोणी शिक्षक, कोणी गवंडी; परक्यांच्या मुलांसाठी दिवसभर उन्हात उभे. ताईने त्यांतल्या एका बाईंकडून निशाणे समजून घेतली. पिवळे म्हणजे पुढे धोका, ओलांडू नका. लाल म्हणजे थांबा. काळे म्हणजे आत या, तुमच्याशी बोलायचे आहे. निळे म्हणजे मागून वेगवान मोटार येते आहे.

त्या दिवशी आमच्या निखिलला निळे निशाण इतक्यांदा दिसले, की ताईने मोजणे सोडून दिले. एकेकाला तो शांतपणे वाट देत होता. एरवी हमरस्त्यावर कोणी पुढे घुसले तर कुरकुरणारा हा मुलगा! दुपारी हेल्मेट काढून आला तेव्हा केस घामाने चिकटलेले होते आणि चेहऱ्यावर मी त्याच्या दहावीच्या निकालानंतर न पाहिलेला आनंद होता. ताई काही बोलली नाही. पदराने त्याचे कपाळ पुसले आणि डब्यातली पुरणपोळी पुढे केली.

मी त्याला समजावण्याचे काम केलेच नाही, आणि त्याची मला खंत वाटत नाही. आपल्या घरांत हौशी मरतात किंवा चोरपावलांनी येतात, आणि चोरून आलेली हौस भलत्या जागी, भलत्या वेळी, घरच्या पैशावर हात मारते. निखिलच्या हौसेला वेगळी वस्तू आहे, वेगळी जागा आहे, वेगळे खाते आहे, आणि तिच्यावर बायकोची सही आहे. हमरस्त्यावर आता तो माझ्यापेक्षाही सावकाश मोटार चालवतो, हे मानसी सांगते.

ताई पुण्याला परत आली आहे. शनिवारी रात्री तिचा फोन जवळ असतो. निखिलचा आवाज आला, की 'जेवलास का?' हा प्रश्न आता दुसरा येतो. पहिला असतो, "ब्रेक ऑइल बदललं होतंस ना?"