रुमाल सोडून पाहणे

१८१८ नंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि दरबारी दफ्तरांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. कागद जपण्याची रीत त्या पिढ्यांना ठाऊक होती. रुमालात बांधलेले दफ्तर फडताळात दिसते, एवढ्यावर जाणता कारकून समाधान मानीत नसे. रुमाल सोडावा, कागदांना हवा द्यावी, कसर लागली आहे का ते पाहावे, हा त्याचा शिरस्ता.

सांवेर रोडवरील औषधांच्या एका कारखान्यात संगणकाचे दफ्तर सांभाळताना मला तो शिरस्ता आठवतो. तेथे प्रत्येक बॅचची नोंद दोन सर्व्हरांच्या क्लस्टरमध्ये राहते. एक कोलमडला तर दुसऱ्याने काम उचलायचे. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचे नाव पेसमेकर! घरातील वडीलधारी मंडळी हे नाव ऐकून दचकतात.

एका उन्हाळ्यात रात्रपाळीच्या नोंदी उतरेनात. डिस्कमध्ये दोष आढळताच, अधिक नासाडी टळावी म्हणून, लिनक्सने फाइल सिस्टीम केवळ वाचनापुरती उघडी ठेवली होती. पेसमेकर मात्र सारे क्षेमकुशल असल्याचे कळवीत होता. तो खोटे बोलत नव्हता. त्याला विचारलेच तेवढे होते. नोंदीवाचून माल बाहेर पाठवता येत नाही. ती बॅच अडकून पडली.

या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. मूळची पायरी ० अंकाची. फाइल सिस्टीम जोडलेली आहे का, इतकेच ती पाहते. १० अंकाची पायरी डिस्कचा आरंभीचा भाग वाचून पाहते. २० अंकाची पायरी एक लहानशी फाइल लिहिते आणि तीच परत वाचते. आमचा दोष पहिल्या दोन्ही पायऱ्यांना चकवून गेला असता. म्हणून आम्ही तिसरी पत्करली.

तेथेही तारतम्य हवे. रात्री बॅकअप चालू असता डिस्क मंदावते. उत्तरासाठी पुरेशी मुदत न दिल्यास धडधाकट सर्व्हरही मृत ठरतो आणि सारा संसार विनाकारण दुसरीकडे हलतो. शिवाय दुसऱ्याने कारभार हाती घेण्यापूर्वी पहिल्याची वीज तोडून तो खरोखर थांबल्याची खात्री करावी लागते. साध्या फाइल सिस्टीमवर दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर एकाच खातेवहीत दोन कारकुनांनी परस्परांना न विचारता जमाखर्च मांडावा तशी गत होते. आणि दुरुस्ती करायची ती फाइल सिस्टीम कामातून सोडवूनच. वापरात असताना केलेली दुरुस्ती उरलेलेही बिघडवते.

आपल्या घरांतील मराठीविषयी विचार करताना या पायऱ्या माझ्या मनात येतात. नातवंडांना मराठी कळते, हे आपण अभिमानाने सांगतो. काहींना वाचताही येते. पण त्यांच्यापैकी कितीजण आजीला चार ओळींचे पत्र लिहितील आणि आलेले उत्तर वाचतील? भाषा घरात आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत आहोत. रुमाल सोडून पाहण्याची वेळ टळून जाऊ नये, इतकेच.