एका रात्रीची बेगमी

वैशाखी पौर्णिमेची रात्र मेळघाटच्या अरण्यात, पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून काढायची, हा माझा बेत घरी जाहीर झाला तेव्हा प्रथम सगळे हसले आणि मग काळजीत पडले. वयाची एकाहत्तर वर्षे उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि कानांविषयी तर बोलायलाच नको. मुलगा म्हणाला, “बाबा, झाडावरच राहायचं असेल तर हल्ली झाडावर बांधलेली घरं भाड्याने मिळतात. खाट असते, न्हाणीघर असतं, सकाळचा चहासुद्धा वर येतो.” सूनबाईंनी लगोलग छायाचित्रेही दाखवली. घरे देखणी होती, यात शंका नाही. परंतु तेथे माणूस झाडावर चढतो तो आपला सारा संसार बरोबर घेऊनच. मला हवे होते ते मचाण: चार खांब, वर फळ्यांची बैठक, भोवती पानापाचोळ्याचा आडोसा, आणि सायंकाळी एकदा चढल्यावर उजाडेपर्यंत खाली पाऊल ठेवायला बंदी.

या हट्टामागे एक कारण होते आणि ते मी बराच काळ कुणाला सांगितले नव्हते. पस्तीस वर्षे शाळेत शिकवताना फळ्याकडे तोंड करून शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकणारा मी. परंतु दोन वर्षांपूर्वी कर्णतज्ज्ञांनी माझ्या श्रवणशक्तीचा जो आलेख काढला, त्यातील रेघ डावीकडे बऱ्यापैकी सपाट होती आणि उजवीकडे सरकताच एखाद्या घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली होती. वार्धक्यात श्रवण जाते ते सर्वच स्वरांत एकदम जात नाही. आधी उंच, बारीक स्वर जातात. रातकिडे जातात, दारावरची घंटा जाते, बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. हाक ऐकू येते, पण हाकेतला शब्द कळत नाही. खालचे, जाड स्वर त्यामानाने बराच काळ टिकतात. गेलेले परत येत नाही आणि जे उरले आहे तेही हळूहळू ओसरत जाईल, असे डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या मनात आले, की अरण्यातली रात्र आपण पुस्तकांत पुष्कळ वाचली, कानांनी एकदाही ऐकली नाही. खालचे स्वर शाबूत आहेत तोवर ती ऐकून घ्यावी.

मचाण म्हटले की आपल्याला शिकारी आठवतो. जिम कॉर्बेट तर अखेरच्या वर्षांतही वृक्षावरच्या एका रात्रीचा साक्षी झाला. १९५२ च्या फेब्रुवारीत केनियातील ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरच्या विश्रामगृहात राजकन्या एलिझाबेथ मुक्कामाला होती, कॉर्बेट तिच्याबरोबर होता, आणि त्याच रात्री तिकडे इंग्लंडात तिचे वडील निवर्तले. झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन. पण शिकाऱ्यांच्या आणि राण्यांच्या कितीतरी आधी मचाण शेतकऱ्याचे होते. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी आमची थोडी भातजमीन होती. तेथे पीक निसवले की वडील बांबूचा माळा उभारीत आणि रानडुकरांच्या भीतीने रात्री त्यावर जागत. मेळघाटातला कोरकू शेतकरीही शेत राखायला असाच मचाणावर बसतो. त्याला कुणी त्याचे अनुभवकथन विचारीत नाही. असो.

वैशाखी पौर्णिमाच का, असे सूनबाईंनी विचारले. त्याला दोन कारणे आहेत. या दिवसांत अरण्यातले ओढे-नाले आटलेले असतात आणि मोजक्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्रभर दिव्याची गरज लागत नाही. पूर्वी याच रात्री मचाणांवर माणसे बसवून वन्यप्राण्यांची गणना केली जाई. एकच सांबर दोनदा पाण्यावर आले तर त्याची दोन सांबरे होत, हा तिच्यातला उघड दोष. आता वाघांची संख्या आपोआप छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ठरवली जाते; मचाणावरची रात्र मात्र वनखात्याने ‘निसर्गानुभव’ या नावाने सामान्य नागरिकांसाठी चालू ठेवली आहे. या चंद्राची आणखी एक खोड आहे. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. वैशाखातला मात्र दक्षिणेकडे कललेलाच राहतो. म्हणजे मचाण पाणवठ्याच्या दक्षिणेला असेल तर चांदणे आपल्या पाठीमागून येऊन समोरचा प्राणी उजळवील, आणि उत्तरेला असेल तर चकाकत्या पाण्यापुढे नुसती काळी आकृती दिसेल. कोणते मचाण वाट्याला येईल हे आपल्या हाती नाही. तरीही मी पिशवीत होकायंत्र टाकले आहे.

मेळघाट निवडला तो माझ्या नातीने. ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते आणि मचाणावर तीच माझ्या सोबतीला येणार आहे. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता, हे मला ठाऊक होते. पण तिचे लक्ष वाघापेक्षा रानपिंगळ्यावर. हे लहानसे घुबड १८८४ नंतर कुणा पक्षितज्ज्ञाला आढळलेच नाही. ते नामशेष झाले, असे बहुतेकांनी गृहीत धरले. ते पुन्हा दिसले १९९७ च्या नोव्हेंबरात, शहाद्याजवळच्या सातपुड्यात, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी. मेळघाटात आज त्याचा चांगला वावर आहे, आणि २०१४ साली तर ते आपल्या तानसा अभयारण्यातही आढळले. वसईहून सकाळी निघून संध्याकाळी परतावे इतके जवळ. घुबड असूनही रानपिंगळा दिवसाउजेडी वावरतो. तेव्हा त्याची आशा धरायची ती मचाणावर चढल्यापासून दिवस मावळेपर्यंत, आणि पुन्हा पहाटे.

एके संध्याकाळी नातीने वही उघडून तिची दोन पाने आखली. मग ती यंत्रावरून एकेक आवाज ऐकवीत गेली आणि मी हो किंवा नाही म्हणत गेलो. मत्स्यघुबडाचा खोल हुंकार: हो. सांबराचा इशाऱ्याचा ठणठणीत ‘ढांक’: हो. भेकराचे भुंकणे: हो. रातव्याची ‘चक् चक् चक्’, चेंडू फरशीवर टप्पे घेत घेत थांबावा तशी: हो, आणि मला ती इतकी आवडली की पुन्हा लावायला सांगितली. टिटवी अर्धीमुर्धी. पुढचा आवाज लागला तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहात राहिलो. यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरत होती आणि खोलीत माझ्यापुरती पूर्ण शांतता होती. तिने काही न बोलता उजव्या पानावर ‘रातकिडे’ असे लिहिले. पुढे त्या पानावर आणखी पाच नावे गेली.

श्रवणयंत्र आहे, पण त्याची वेगळीच अडचण. टेकून बसलो, कानाला रुमाल लागला किंवा हात जवळ गेला, की ते बारीक शिट्टी घालते. गंमत अशी की ही शिट्टी मला ऐकू येत नाही, शेजाऱ्याला येते. सांबराच्या कानांविषयी वेगळे सांगायला नको. शिवाय यंत्र लावले की माझ्याच सदऱ्याची सळसळ वादळासारखी होते. बराच खल झाल्यावर असे ठरले, की उजेड असेतो यंत्र कानात राहील, आणि अंधार पडला की डबीत जाईल. त्यानंतरचे कान नातीचे.

बाकीची तयारी सोपी म्हणावी, पण तिने माझा एक महिना खाल्ला. कपडे मातकट रंगाचे, तेही जुने, धुऊन मऊ झालेले. नव्या कापडाला आवाज असतो. साबण, अत्तर, तेल यांना दोन दिवस आधीपासून रजा. जेवणाबाबत नातीने बजावले, “आजोबा, सुका बोंबील नाही. मध्य प्रदेशातल्या वाघालासुद्धा कळेल.” म्हणून तांदळाच्या भाकऱ्या, गूळ आणि उकडलेले रताळे. ते सगळे कापडी पुरचुंडीत बांधायचे, कारण कागदी वा प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा कर्कश प्राणी अरण्यात दुसरा नाही. पाणी भरपूर. आणि पाणी प्यायल्यावर पुढे जो प्रश्न येतो, तो माझ्या वयात एका रात्रीत तीनदा तरी येतो. त्यासाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली आणि एक पंचा, एवढी सोय मी पाहिली आहे. शिकारकथा लिहिणाऱ्या थोर मंडळींनी या विषयावर एक ओळही खर्ची घातलेली नाही, ही मला त्यांची उणीव वाटते.

शिडीचा सराव मी घराच्या माळ्यावर करतो. बसण्याचा सराव आम्ही दोघांनी गच्चीवर केला. गेल्या पौर्णिमेला रात्री नऊ ते एक, चटईवर, दिवे मालवून. बोलायचे नाही, खोकायचे नाही, पाय बदलायचा तर हळू. खुणा आधी ठरवलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या माझ्या डाव्या तळहातावर, कारण उजव्या हातात दुर्बीण असणार. एक टिचकी म्हणजे पाण्याकडे पाहा. दोन म्हणजे आवाज डावीकडून, तीन म्हणजे उजवीकडून. बोटाने गोल काढला तर पक्षी. मूठ दाबली तर हालू नका.

पहिला तास फार अवघड गेला. वर्गात तास चालू असताना गप्प बसण्याची मला सवय नाही, आणि दुसऱ्याने आपल्यासाठी ऐकावे याची तर मुळीच नाही. तिने दोन टिचक्या मारल्या की मी डावीकडे वळे, आणि तेथे खरोखरच काहीतरी असे: शेजारच्या वाडीतला रहाट, कुंपणाखालून जाणारे मांजर. लहानपणी तिला मी बोट धरून चर्चच्या जत्रेत नेत असे, तेव्हा गर्दीत तिला दिसत नसे ते मी सांगत असे. आता तिचे बोट सांगत होते. दहाच्या सुमारास तिने बोटाचे टोक माझ्या तळव्यावर टेकवले आणि ते नुसते थरथरवत ठेवले. अशी खूण ठरलेली नव्हती. मी वाट पाहिली, बोट थांबेना. चार मिनिटे, पाच मिनिटे. मी नियम मोडून कुजबुजलो, “हे काय?”

“रातकिडे,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “आपल्या चिकूच्या झाडाखाली. मघापासून चालू आहेत.”

मी तळहात तसाच उघडा ठेवला. तिचे बोट दुखून आले असावे, पण बराच वेळ तिने ते काढले नाही.

गच्चीवरून उतरताना लक्षात आले, की वाघासाठी खूण ठरवायची राहिली. मी मुठीच्या दोन दाबांचा प्रस्ताव मांडला. नात म्हणाली, त्याची जरूर नाही. वाघाची पावले तिलाही ऐकू येणार नाहीत, तो आला तर आम्हा दोघांना एकाच वेळी दिसेल, किंवा भेकर ओरडेल, आणि भेकर माझ्या पानावर आहेच. मी वही आणून खात्री करून घेतली. मग आम्ही अमरावतीच्या गाडीचे वेळापत्रक काढून बसलो, आणि खालचे शायिकासन कुणी घ्यायचे यावरून आमचे थोडे भांडण झाले.