कैलासाच्या अंगणातील प्रकाश

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, मागे टाकून सुमारे ३० किलोमीटर गेले की डोंगराच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर वेरूळची लेणी दिसू लागतात. बौद्ध, हिंदू आणि जैन अशा या ३४ लेण्यांपैकी सोळावे ते कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते कोरले गेले, आणि तेही शिखरापासून पायाकडे. येथे मंदिर बांधलेले नाही. काळा कातळ कोरून काढल्यावर जे उरले, तेच मंदिर. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

माझी पहिली खेप वडिलांबरोबर झाली. त्याला आता बरीच वर्षे लोटली. काकांनी दिलेला प्रकाशमापक माझ्या गळ्यात होता. सेलेनियमची पट्टी असलेले ते जुने यंत्र. त्यास बॅटरी लागत नाही. पट्टीवर प्रकाश पडला की क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि काटा हलतो. महाद्वाराच्या अंधाऱ्या बोळात मी उभा राहिलो. बोळाच्या टोकाशी वडील आणि त्यांच्या मागे उन्हाने भरलेले अंगण. मापक समोर धरला, काट्याने सांगितले तेवढे भिंगाचे छिद्र ठेवले आणि कळ दाबली. छायाचित्र आले तेव्हा मंदिर स्वच्छ होते. वडील मात्र डोक्यावरच्या टोपीवरूनच काय ते ओळखू येत होते. पुढल्याच वर्षी ते गेले. त्यांचे शेवटचे छायाचित्र तेच आहे.

काकांनी ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, “काटा खोटे बोलला नाही रे. भाबडा आहे तो.”

त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा. आपण ज्याकडे मापक रोखतो ती वस्तू काळी आहे की पांढरी, हे यंत्रास ठाऊक नसते. समोरचे सारे एका मध्यम राखी रंगाचे आहे, पडलेल्या प्रकाशाच्या सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असे ते गृहीत धरून चालते. काळ्या कातळाकडे रोखले की ‘प्रकाश थोडा आहे, छिद्र वाढवा’ असे सांगते आणि कातळ राखेसारखा फिका उमटतो. झगझगीत अंगणाकडे रोखले की ‘छिद्र लहान करा’ म्हणते, आणि सावलीत उभा असलेला माणूस काळोखात बुडतो.

दुसऱ्या खेपेस आई बरोबर होती. त्याच जागी तिला उभे राहावयाचे होते. “या वेळी तोंड दिसू दे म्हणजे झाले,” ती म्हणाली. मी उतावीळपणा केला नाही. तिच्याजवळ जाऊन, अंगणाचा उजेड मापकावर येणार नाही अशा बेताने, चेहऱ्यावरचे मोजमाप घेतले. १०० वेगाच्या फिल्मला, सेकंदाच्या १२५व्या भागासाठी, चेहरा एफ ४ मागत होता. मागचे अंगण एफ १६. म्हणजे सोळा पटींचा फरक! चेहरा सांभाळावा तर मंदिर पांढऱ्या उजेडात विरघळणार. अशा वेळी यंत्राशी वाद घालण्यापेक्षा माणसाने जागा बदललेली बरी. मी आईस बोळातून बाहेर अंगणात नेले. कड्याची सावली तिच्यावर आणि मागच्या दगडी हत्तींवर सारखीच पडली होती.

तरीही तिच्या फिकट लुगड्यावरचे माप एक आणि काळ्या हत्तींवरचे दुसरेच. येथे काकांच्या मापकाचे दुधी टोपण उपयोगी पडले. ते पट्टीवर बसवावे, मापक व्यक्तीच्या चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्याकडे वळवावा. मग वस्तूवरून परतणारा प्रकाश न मोजता वस्तूवर पडणारा प्रकाश मोजला जातो, आणि लुगडे व कातळ यांचे भांडण मिटते. असे टोपण नसेल तर त्याच सावलीत आपला तळहात धरून त्यावरचे माप घ्यावे. तळहात मध्यम राखीपेक्षा बहुधा एका पायरीने उजळ असतो, म्हणून छिद्र एक पायरी वाढवावे. आपला हात किती उजळ आहे, ते एकदा घरी राखी पुठ्ठ्याशी ताडून पाहिलेले चांगले.

सोळा खांबांच्या सभामंडपात मात्र काटा हलेचना. जुन्या सेलेनियमची हीच मर्यादा. नव्या सिलिकॉन पट्टीच्या मापकांना ही अडचण येत नाही. मी वहीचा कोरा कागद खांबाजवळ धरून त्यावरचे माप घेतले. पांढरा कागद राखीच्या जवळजवळ पाचपट प्रकाश परत देतो, म्हणून निघालेल्या वेळेची पाचपट करावयाची. अर्ध्या सेकंदाचे अडीच झाले. इतक्या दीर्घ वेळेत फिल्म काहीशी मंदावते, म्हणून मी चार सेकंद दिले. परवानगीवाचून तिपाई आत नेता येत नाही; तेव्हा जमिनीवर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि श्वास रोखला. आई म्हणाली, “देवळात येऊन लोटांगण घालायचे ते असे!”

बाहेर मंदिरावर अजून कोठे कोठे जुना पांढरा गिलावा टिकून आहे. एके काळी हे सारे मंदिर असे पांढरे आणि रंगविलेले होते. रंगमहाल हे त्याचे नाव त्यावरूनच पडले. त्या काळी माझ्या काट्याने नेमका उलटा गोंधळ घातला असता.

तिसऱ्या प्रहरी आम्ही डोंगरावरच्या पायवाटेने कड्याच्या माथ्यावर गेलो. खाली अंगण अर्धे सावलीत गेले होते आणि शिखरावर तिरपे, पिवळे ऊन आले होते. मी मापक काढला, शिखराचे माप घेतले, कातळाच्या काळेपणासाठी छिद्र दीड पायरी लहान केले. कळ दाबू गेलो तो रोल संपलेला. आई म्हणाली, “राहू दे आता. बस थोडा वेळ.” ऊन शिखरावरून उतरेपर्यंत आम्ही तेथेच बसून राहिलो.