पाचास एक

प्रबंधाच्या शीर्षकात 'नॅनो' दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. फार्मसी कॉलेजात औषधनिर्माण शिकवताना मी बरीच वर्षं या विषयाची टिंगल केली, आणि ती अगदीच उगाच नव्हती. एम. फार्मचा विद्यार्थी कर्करोगावरचं एखादं जुनं औषध घेणार, ते चरबीच्या नाहीतर पॉलिमरच्या कणात भरणार, कणाचा आकार मोजणार, झीटा पोटेन्शियलचा आलेख चिकटवणार, डिशमधल्या पेशींवर ते टाकणार आणि पेशी मरणार. त्या मरतातच, डिशमध्ये पेशी मारायला फारसं काही लागत नाही. एका कणात दोन औषधं भरली की प्रबंधाची पानं वाढतात, अक्कल वाढत नाही, असं माझं मत होतं आणि व्हायव्हात ते मी तोंडावर बोलूनही दाखवत असे. ते मत मी आता सोडलं आहे. पूर्ण नाही, पण महत्त्वाचा भाग सोडला आहे.

माझ्या रागाचं मूळ होतं, कण गाठीवर नेम धरून जातात, या दाव्यात. १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो इथल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं, की कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि अडकून राहतात. निरीक्षण चांगलं होतं. पुढे मात्र त्याचं पुराण झालं. प्रत्येक सेमिनारमध्ये तेच चित्र: सुईतून निघालेले गोल गोल कण निरोगी अवयवांकडे ढुंकूनही न पाहता थेट गाठीत शिरताहेत. २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा मध्यक वाटा निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! बराचसा माल यकृत आणि प्लीहा गिळतात. त्याच वर्षी, रॉबर्ट लँगर यांच्यासारखा नामवंत संशोधक संस्थापकांत असलेली बाइंड थेराप्युटिक्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा सगळा भरवसा नेम धरून जाणाऱ्या कणांवर होता.

बाजारात टिकलेल्या उदाहरणांनीही माझ्या मताला बळच दिलं. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल म्हणजे डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध लायपोसोममध्ये, चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, बंद केलेलं. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या एफडीएने आपल्या मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला परवानगी दिली. ही बातमी मी वर्गात मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली होती. पण औषध म्हणून पाहिलं तर? स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना झाली तेव्हा हृदयाला होणारा अपाय बराच कमी झाला, रोगावरचा परिणाम मात्र जवळपास तेवढाच राहिला. हृदय वाचणं ही लहान गोष्ट नाही. तरी 'नॅनो'च्या नावाने जेवढा गाजावाजा होतो तेवढं हे नाही, असं मी म्हणायची. एका औषधाने हे, तर दोन भरून काय मोठं होणार?

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती अमेरिकेत एका रुग्णालयाच्या फार्मसीत आहे. तिची शंका अगदी साधी होती. "मॅडम, कुपीतली पावडर चक्क जांभळी आहे. डॉनोरुबिसिन तर लाल ना? खराब झालं असेल का?"

खराब झालेलं नव्हतं. ते व्हिक्सिऑस होतं, डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन एकाच लायपोसोममध्ये भरलेलं औषध, संशोधनातलं नाव सीपीएक्स-३५१. लायपोसोमच्या आत तांबं असतं, आणि डॉनोरुबिसिन तांब्याशी बांधलं गेलं की त्याचा लाल रंग जांभळा होतो. शाळेतला रंगबदलाचा प्रयोगच हा. पण हे तांबं रंगापुरतं नाही. औषधाला आत धरून ठेवायचं काम तेच करतं. मी स्वतः लायपोसोम बनवलेत. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये चरबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायची, रोटरी इव्हॅपोरेटरवर फिरवत ठेवायची, काचेला पातळ पापुद्रा धरला की पाणी घालून हलवायचं. दुधासारखा गढूळ द्रव तयार होतो. तो १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून पुन्हापुन्हा दाबून काढला की गढूळपणा जातो आणि उजेडाकडे धरल्यावर निळसर झाक दिसते. इथवर कुणालाही जमतं. औषध आत भरणं त्याहून अवघड, आणि भरलेलं गळू न देणं सगळ्यात अवघड. दोन वेगळ्या स्वभावाची औषधं एकाच वेगाने सुटतील असं करणं मला जवळजवळ अशक्य वाटायचं. मग या लोकांनी ते केलं कसं, म्हणून मी बसून सगळं वाचून काढलं.

पार्श्वभूमी अशी. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर १९७३ पासून 'सेव्हन प्लस थ्री' चालत आलं आहे: सात दिवस सायटाराबिनची अखंड सलाइन, त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन. सायटाराबिन रक्तातून काही तासांत नाहीसं होतं, म्हणून ते सतत चालू ठेवावं लागतं. डॉनोरुबिसिन ऊतींमध्ये शिरून बसतं आणि सावकाश बाहेर पडतं. दोघांना आळंदीहून एकाच दिवशी पंढरपूरला धाडलं, एक एसटीने आणि एक पायी, तर ती वाटेत बरोबर असतील अशी अपेक्षा कुणी ठेवणार नाही. वॉर्डात मात्र आपण तीच ठेवत होतो. दोन्ही मात्रा चार्टवर लिहिल्या की 'संयुक्त उपचार' झाला. रोगी पेशीला प्रत्यक्षात ती दोन औषधं कोणत्या तासाला कोणत्या प्रमाणात भेटतात, हा प्रश्न मीही कधी वर्गात काढला नव्हता.

व्हँकुव्हरच्या सेलेटर कंपनीत लॉरेन्स मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच प्रश्न धरला. त्यांनी वेगवेगळ्या कर्करोगी पेशींवर ही जोडी निरनिराळ्या प्रमाणांत तपासली. एका प्रमाणात दोन्ही औषधं परस्परांचा जोर वाढवतात. तीच दोन, दुसऱ्या प्रमाणात, एकमेकांच्या आड येतात. सायटाराबिनचे पाच रेणू आणि डॉनोरुबिसिनचा एक, या मापात मेळ सर्वांत जास्त पेशींमध्ये बसला. मग त्यांनी चरबीचं मिश्रण असं जुळवलं की हे पाचास एक रक्तातही टिकावं. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत चोवीस तासांनंतरही रक्तातलं प्रमाण पाचास एकच्या आसपास होतं. इथे मी कागद खाली ठेवला. इतकी वर्षं मी कणाला विचारत होते, तू नेम धरतोस का. त्याचा खरा उपयोग माप न बिघडू देण्याचा होता.

तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ६० ते ७५ वर्षांचे ३०९ रुग्ण होते, सगळे या रोगाच्या अवघड प्रकाराचे. जुन्या पद्धतीत मध्यक आयुर्मान ५.९५ महिने, नव्यात ९.५६. पाच वर्षांनी जिवंत असलेले ८ टक्के विरुद्ध १८ टक्के. आकडे आनंदाने नाचावेत असे नाहीत, पण या वयात आणि या आजारात चार दशकं कुणाला इतकंही जमलं नव्हतं. मला जास्त चकित केलं ते मात्रेने. एका फेरीत शरीराच्या दर चौरस मीटरला सायटाराबिन ७०० मिलीग्रॅमऐवजी ३००, डॉनोरुबिसिन १८०ऐवजी १३२. कमी औषधात जास्त परिणाम. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एफडीएने मंजुरी दिली.

न सोडलेला भागही सांगायला हवा, नाहीतर मी एका कंपूतून उठून दुसऱ्यात जाऊन बसले असं होईल. चाचणीत तुलना झाली ती सुट्या औषधांशी. दोन औषधं दोन वेगळ्या लायपोसोममध्ये भरून दिली असती तर काय झालं असतं, हे त्यात तपासलेलंच नाही. म्हणजे श्रेय प्रमाणाचं किती आणि नुसत्या पिशवीचं किती, याची वाटणी झालेली नाही. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सावरायला या औषधानंतर जास्त दिवस लागतात. घरच्यांच्या दृष्टीने ते दिवस तापाच्या आणि रक्तस्रावाच्या भीतीचे. ब्रिटनच्या एएमएल-१९ चाचणीत तरुण, जास्त जोखमीच्या रुग्णांत या औषधाची फ्लॅग-आयडा या तीव्र केमोशी तुलना केली, तर एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही. आणि हा आजार कणांच्या सोयीचा आहे. रोगी पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत, कण तिथे फिरत असतातच, कुठल्या गळक्या वाहिनीतून गाठीत घुसायचं नाही. त्याच कंपनीने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकान आणि फ्लॉक्सयुरिडीन एकास एक भरलं होतं. ते बाजारापर्यंत पोचलं नाही. घट्ट गाठीच्या कर्करोगात ०.७ टक्क्यांचं कोडं जसंच्या तसं आहे, आणि थेट गाठीत शिरणाऱ्या कणांचं ते चित्र दाखवणाऱ्यांवर मी आजही तितकीच चिडते.

मात्र जोडऔषधांच्या प्रबंधाला आता मी आल्या आल्या झोडपत नाही. कणाचा आकार आणि झीटाची पानं उलटून थेट विचारते, "दोन्ही औषधं हेच माप घेऊन का भरलीस? दुसरं का नाही? आणि उंदराच्या रक्तात चोवीस तासांनी त्यातलं किती टिकलं?" बहुतेकदा उत्तर येतं, "मॅडम, ते आमच्या उद्दिष्टांत नव्हतं." मग मी प्राणी-नीती समितीचा अर्ज पुढे करते. परवानगीला महिने लागतात, मार्गदर्शक कुरकुरतात, सबमिशन पुढे जातं. एकीने मात्र अर्ज भरलाय.