वाफ आणि इस्त्री

'परीटघडी' हा मराठीतला मोठा ऐटबाज शब्द आहे. नुसता उच्चारला तरी शुभ्र धोतर, कडक टोपी आणि मांडवाच्या दारात उभे असलेले एखादे रुबाबदार व्याही डोळ्यांसमोर येतात. ज्यांना परीट परवडत नसे त्यांनीही या घडीचा ध्यास सोडला नाही. तांब्यात रसरशीत निखारे भरायचे आणि तो सदऱ्यावरून फिरवायचा, नाहीतर कपड्याची नीट घडी करून ती रात्रभर अंथरुणाखाली दाबून ठेवायची, हे उपाय आमच्याकडच्या कितीतरी घरांनी केले आहेत. दाबल्याशिवाय सुरकुती जात नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा! विजेच्या इस्त्रीचे पेटंट अमेरिकेत हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतले. पुढे निखाऱ्याच्या जागी वीज आली, पण दाब होता तसाच राहिला.

या श्रद्धेला आमच्या घरात गेल्या भाऊबिजेला धक्का बसला. माझ्या मेव्हण्याने पुण्याहून येताना बहिणीच्या ओवाळणीसाठी कपड्यांवर वाफ सोडणारे एक यंत्र आणले. त्याच्या टाकीत पेलाभर पाणी ओतायचे, बटण दाबायचे, कपडा खुंटीला टांगायचा आणि वरून खाली वाफ फिरवीत जायचे. ना टेबल, ना खाली जाड चादर, ना मनगटाचा जोर. सौभाग्यवतींनी लग्नातला शालू टांगला आणि वाफेचा पहिला फूत्कार झाला, तोच आई माजघरातून बाहेर आली.

"पेयाला पाणी पुरंना, अन् तू त्याची वाफ करून कपड्याला पाजायलास व्हय रे?"

बीड जिल्ह्यात जन्म काढलेल्या बाईचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घागरीसाठी रात्री जागवलेल्या माणसाला पेलाही मोठाच वाटतो. मी तिला परळीची आठवण दिली. वैजनाथाच्या त्या गावी औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर चाके फिरून वीज होते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. म्हणजे आपली कोरडी दिसणारी इस्त्रीदेखील दुरून पाणी पीतच असते! आईला हे पटले की नाही, कोण जाणे. पण शालूच्या सुरकुत्या उतरताना ती शेवटपर्यंत पाहत राहिली.

यात जादू काही नाही. कापसाचा धागा सूक्ष्म साखळ्यांचा बनलेला असतो. त्यांच्यामधले दुवे ओल आणि उष्णता मिळाली की सैल होतात, आणि कपडा ज्या स्थितीत वाळेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. इस्त्री त्या घटकेला वरून दाबते. वाफ नुसती सैल करते आणि उरलेले काम कपड्याच्या वजनावर सोपवते. म्हणूनच वाफ देताना काठ हलकेच खाली ओढावा लागतो, आणि वाळल्याशिवाय घडी घालून चालत नाही. रेशीम, लोकर, जरीचे काठ, जॉर्जेट यांना ही रीत मानवते. कांजी केलेले सुती कापड मात्र हिला दाद देत नाही. त्याला इस्त्रीच हवी. विजारीची धारही वाफेने येत नाही.

दोन गोष्टी गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. वाफ मऊ दिसते म्हणून तिच्याशी सलगी करू नये. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा तिचा चटका जबर. मुलांना दूर ठेवावे, आणि अंगावरच्या कपड्याला वाफ कधीच देऊ नये. दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार यंत्राच्या तोंडाशी पांढरे बसतात. पागोळ्यांखाली धरून स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम. आता पावसाळ्यात एक बरणी आईच भरून ठेवते!

मी धंद्याने शिक्षक, म्हणून या यंत्राकडे पाहताना मला माझा वर्ग आठवतो. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागल्या चैत्रात असाच एक मुलगा वर्गात येऊन बसला. सदरा बोचक्यातून काढलेला, चुरगळलेला, चेहराही तसाच. पाच महिन्यांत पाढे विसरला होता. विचारले की मान खाली. "जरा दाबून घ्या त्याला," असा सल्ला मला मिळाला.

मी त्याला मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसवले. फडातल्या गोष्टी विचारल्या, बैलांची नावे विचारली. मग सहज म्हणालो, "आईबाप मिळून दिवसाला दीड टन तोडतात असं धर. दहा दिवसांत किती?"

"पंधरा," तो बोट न मोडता म्हणाला. थोडे थांबून मान वर केली. "पर एक खाडा धरला तर साडेतेरा, गुरुजी."

ते गणित कुठल्या पुस्तकात नव्हते. पुढे पाढे घोकावेच लागले, रोज, माझ्यासमोर उभे राहून. तिथे इस्त्रीच हवी होती. पण आधी वाफ मिळाली नसती तर त्या दाबाने सुरकुती मोडली नसती, कायमची बसली असती. परिटाच्या घरी जन्मलेले गाडगेबाबा उभा जन्म चिंध्या पांघरून हिंडले आणि हसतखेळत प्रश्न विचारून लोकांची मने धूत राहिले. त्यांना माणूस उमगला होता, कारण त्यांनी त्याचा सदरा पाहिला नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे बैलगाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बसून निघालेली असतील. यंदा पोराला आजीजवळ ठेवतो, असे त्याच्या बापाने मला सांगितले आहे. पण मागे दोन हात कमी पडले म्हणजे असे शब्द कसे विरतात, तेही मला ठाऊक आहे. दिवाळीची सुट्टी संपेल, शाळा उघडेल. हजेरी घेताना त्याच्या नावाशी मी नेहमीपेक्षा जरा जास्त थांबेन.