हरिपूरचीं पेवें

माहुलीस वेण्णा, कराडास कोयना व हरिपुरास वारणा पोटांत घेत कृष्णामाई सातारा व सांगली हे दोन जिल्हे जोडते. गेल्या माघांत आम्ही तिच्याच वाटेनें साताऱ्याहून सांगलीस गेलों. हळदीची काढणी चालू होती. हळदीचें पान केळीच्या पानासारखें दिसतें तें उगीच नव्हे; दोघींचीं कुलें निराळीं, पण वनस्पतिशास्त्राप्रमाणें गण एकच. काढलेले कंद शिजवून वाळवितात. शिजल्यानें पिठूळ अंश फुगतो व रंग आंत सर्वत्र सारखा पसरतो.

ह्या रंगद्रव्याचें नांव कर्क्युमिन. व्होगेल व पेलेतिये ह्यांनीं तें १८१५ सालीं वेगळें काढलें. त्याची रचना कळण्यास मात्र १९१० साल उजाडलें. हळदीच्या डागास साबण लागतांच तो तांबडा होतो, हें घरोघरच्या बायकांस ठाऊक असतें. हळदीस चुना लावून कुंकू करण्याची युक्तीहि तीच.

चरकानें हरिद्रा कुष्ठघ्न द्रव्यांत घातली आहे. कर्क्युमिन दाह कमी करतें असें प्रयोगशाळेंत दिसतें; परंतु पोटांत घेतलेलें तें रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पायपरीन सोबत असल्यास पुष्कळ अधिक उतरतें, असें बंगळूरच्या संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें. तेव्हां हळदीच्या दुधांत मिरपूड घालणाऱ्या आजीबाईंस हंसूं नये. सत्त्वाच्या गोळ्या मात्र आपल्या मनानें घेऊं नयेत. त्यांनीं यकृत बिघडल्याचीं उदाहरणें आहेत.

संगमेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही पेवें पाहावयास गेलों. तोंड माणूस उतरण्यापुरतें, आंत पोट मोठें, अशीं हीं जमिनींतील कोठारें. तोंड बंद केलें कीं आंतला प्राणवायु हळूहळू सरे व कीड जगत नसे. पेंव उघडल्यावर प्रथम कंदील सोडीत. तो विझला तर कोणी उतरत नसे. शिवाय कर्क्युमिन उजेडानें नासतें, आणि पेवांत उजेडाचा शिरकावच नाहीं. संस्कृतांत निशा, रजनी हीं रात्रीचीं नांवें हळदीचींहि आहेत. कोशकारांच्या मनांत पेवें नव्हतीं हें उघड. तरी तेथें उभे असतां आम्हांस तीं आठवलीं.

२००५ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी पेवांत शिरलें, हळद नासली, पुष्कळ पेवें निकामी झालीं. पुढें व्यापारी गोदामांकडे वळले. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आम्हांस दाखविलेल्या पेवाचें तोंड फरशीनें झांकलेलें होतें, व तिच्यावर कोणीं तरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या.